थ्रेड ८०० केले तरी ॲप अडकतंय: दुप्पट बिल भरण्याआधी काय तपासायचं

प्रश्न रावेरकडचा आहे. केळी उत्पादकांसाठी वेब ॲप आहे. त्यात रोजचा बोर्ड भाव, बऱ्हाणपूरचा भाव आणि कटाईची नोंदणी दिसते. आत जाण्यासाठी मोबाइल नंबर टाकायचा, एसएमएसने ओटीपी येतो. मागे जावा, स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). ॲप ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये टी३ एक्स्ट्रालार्ज मशीनवर आहे, म्हणजे ४ व्हीसीपीयू (क्लाउडमधले आभासी प्रोसेसर) आणि १६ जीबी मेमरी. डेटाबेस वेगळ्या मशीनवर. भाव टाकला की पुढची सात-आठ मिनिटं पान उघडत नाही. त्या वेळी सेकंदाला साधारण ७५ रिक्वेस्ट येतात, त्यातल्या १५ ओटीपीच्या. एसएमएस गेटवे एरवी अर्ध्या सेकंदात उत्तर देतो, गर्दीत २ सेकंद घेतो. टॉमकॅट या वेब सर्व्हरचे थ्रेड, म्हणजे एकेक रिक्वेस्ट हाताळणारे कामकरी, २०० चे ८०० केले, तर आधी जे नुसतं हळू होतं ते एरर द्यायला लागलं. सीपीयू १०-१२ टक्क्यांवरच आहे. आता ८ व्हीसीपीयूचं मशीन घ्या असा सल्ला मिळालाय, बिल सरळ दुप्पट होणार. घ्यावं का?

घेऊ नका भाऊ. सीपीयू १२ टक्क्यांवर असताना कोर वाढवून काय होणार? रिकामे कोर चाराचे आठ होतील, बाकी काही नाही. तुमचे थ्रेड काम करत नाहीयेत, कशाची तरी वाट बघत उभे आहेत. कशाची, ते आधी शोधायचं.

जिनिंगच्या आवारात एकच भुईकाटा असेल तर फाटक रुंद करून फायदा नसतो. कापसाच्या ट्रॉल्या बाहेर रस्त्यावर होत्या त्या आत येऊन उभ्या राहतील, वजन तेवढ्याच वेगाने होईल. टॉमकॅटचे थ्रेड म्हणजे ते फाटक. तुमचा काटा दुसरीकडे आहे, आणि माझ्या मते तो डेटाबेसच्या कनेक्शन पूलमध्ये आहे, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या आणि थ्रेडनी आळीपाळीने वापरायच्या कनेक्शनच्या साठ्यात. स्प्रिंग बूटमध्ये हिकारी पूल येतो आणि त्याचा ठरलेला आकडा १० कनेक्शनचा. थ्रेड ८०० केले, पण तो आकडा तसाच राहिला असणार.

आता हिशेब करून बघू. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे पुरतो: एका वेळी आत असलेल्यांची संख्या म्हणजे सेकंदाला येणारे गुणिले प्रत्येकाला लागणारे सेकंद. तुमच्या ओटीपीच्या कोडमध्ये क्रम बहुधा असा असेल: ट्रान्झॅक्शन (डेटाबेसचा एक अखंड व्यवहार) सुरू, ओटीपी टेबलात लिहिला, एसएमएस गेटवेला कॉल, उत्तर आलं, ट्रान्झॅक्शन बंद. म्हणजे गेटवेचं उत्तर येईपर्यंत डेटाबेसचं कनेक्शन त्या थ्रेडने धरून ठेवलेलं असतं, काहीही न करता. गेटवे अर्ध्या सेकंदात उत्तर देतो तेव्हा १५ गुणिले ०.५, म्हणजे साडेसात कनेक्शन अडकतात. पूल १० चा आहे, निभतं. म्हणूनच एरवी तक्रार येत नाही. गर्दीत गेटवे २ सेकंद घेतो, तेव्हा १५ गुणिले २, म्हणजे ३० कनेक्शन हवीत. आहेत १०. भाव बघणाऱ्या ६० रिक्वेस्ट बिचाऱ्या १० मिलिसेकंदांच्या, त्यांना सगळ्यांना मिळून एक कनेक्शनही पुरलं असतं. पण रांग एकच असल्यामुळे त्याही ओटीपीवाल्यांच्या मागे ताटकळतात.

पुढचा आकडा नीट बघा, कारण ८०० थ्रेडने काम का बिघडवलं ते त्यात दिसतं. गरज साधारण ३०.६ कनेक्शनची आणि हातात १०, म्हणून ७५ पैकी जेमतेम २४-२५ रिक्वेस्ट सेकंदाला बाहेर पडतात. थ्रेड २०० असताना १० जणांकडे कनेक्शन आणि १९० रांगेत. रांगेतल्या शेवटच्याला १९० भागिले २४.५, म्हणजे आठेक सेकंद थांबावं लागतं. त्रास आहे, पण उत्तर मिळतं. थ्रेड ८०० केल्यावर रांगेत ७९०, आणि शेवटच्याची वाट ३२ सेकंदांची. हिकारीची कनेक्शनसाठी थांबायची ठरलेली मुदत ३० सेकंद. ती उलटली की एरर. एरर दिसली की माणूस पुन्हा बटण दाबतो, नवा ओटीपी मागतो, आणि १५ चे २५ होतात. गर्दी अशी स्वतःच वाढत जाते.

हे खरंच असंच घडतंय का, याची खात्री दहा मिनिटांत होते. भाव टाकल्यावर गर्दी सुरू झाली की जेस्टॅक किंवा जेसीएमडी या जावाच्या कमांडने थ्रेड डंप घ्या, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कोडच्या कुठल्या ओळीवर (स्टॅकमध्ये) आहे त्याची यादी. एक पुरत नाही, पाच-पाच सेकंदांच्या अंतराने तीन घ्या. टॉमकॅटचे थ्रेड ‘एचटीटीपी-एनआयओ’ या नावाने सुरू होतात. त्यातले बहुतेक ‘टाइम्ड वेटिंग’ अवस्थेत असतील आणि त्यांच्या स्टॅकमध्ये हिकारीची ‘गेटकनेक्शन’ ही ओळ असेल, तर निदान पक्कं. मोजून दहा थ्रेड तुम्हाला सॉकेटवरून वाचताना सापडतील, गेटवेच्या क्लायंटच्या कोडमध्ये. तेच तुमचे दहा कनेक्शन धरून बसलेले. सोबत व्हीएमस्टॅट ही लिनक्सची कमांड चालवा: पहिला ‘आर’ कॉलम म्हणजे सीपीयूवर चालणारे आणि सीपीयूसाठी तयार उभे असलेले. तो ४ च्या खालीच राहिला, तर सीपीयूची टंचाई नाही हे दुसऱ्या बाजूनेही कळलं.

दुरुस्ती अशी. गेटवेचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा: ओटीपी लिहा, कमिट करा, मग एसएमएस पाठवा. इथे एक खाचखळगा आहे, त्यात खूप जण अडकतात. स्प्रिंग बूटमध्ये ‘ओपन इन व्ह्यू’ ही सेटिंग मुळात चालू असते. ती चालू असेल तर डेटाबेसला एकदा हात लावल्यावर कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत सुटत नाही, तुम्ही ट्रान्झॅक्शन कितीही लवकर बंद करा. ती सेटिंग ‘फॉल्स’ करा. केल्यावर काही पानांवर लेझी लोडिंगच्या (डेटा लागेल तेव्हाच आणण्याच्या) एरर येतील. त्या ठिकाणी लागणारा डेटा क्वेरीतच जोडून आणावा लागेल. एक-दोन दिवसांचं काम आहे, पण ते टाळून पुढे जाऊ नका.

एसएमएस पाठवायला वेगळा थ्रेड पूल द्या. गर्दीत १५ गुणिले २, म्हणजे ३० जण एका वेळी गेटवेकडे असतील, म्हणून ४० थ्रेड ठेवा. त्याच्यापुढची रांग २०० ची, बांधलेली. अमर्याद रांग कधीही ठेवू नका. जावाच्या तयार फिक्स्ड पूलला रांगेची मर्यादाच नसते, म्हणून थ्रेडपूल एक्झिक्युटर स्वतः बनवा. गेटवेला कनेक्ट व्हायला १ सेकंद आणि उत्तराला ५ सेकंद अशी मुदत घाला. बऱ्याच एचटीटीपी क्लायंटमध्ये वाचण्याची मुदत आपण दिली नाही तर ते अनंत काळ थांबतात, आणि मग गेटवे बंद पडला की तुमचे थ्रेड एकेक करून कायमचे अडकतात. रांगेत पडून मुदत संपलेला ओटीपी पाठवू नका, टाकून द्या; शेतकऱ्याला शिळा ओटीपी मिळाला तर तो तोच टाकतो आणि पुन्हा फोन तुम्हालाच येतो. पानावरचं ‘ओटीपी पाठवा’ बटण एकदा दाबल्यावर ३० सेकंद बंद ठेवा.

हे केल्यावर ७५ रिक्वेस्ट गुणिले १० मिलिसेकंद, म्हणजे पाऊण कनेक्शन लागेल. दहाचा पूल भरपूर झाला. तो वाढवायचा मोह होईल, पण थांबा. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उघडतं. हिकारीच्या लोकांनी पोस्टग्रेसच्या अनुभवावरून दिलेलं सूत्र आहे: डेटाबेस मशीनचे कोर गुणिले दोन, अधिक डिस्कची संख्या. दोन कोरच्या डेटाबेसला पाच, चार कोरला नऊ-दहा. याच्या किती तरी पुढे गेलात की तोच डेटाबेस हळू होतो. हिकारीची ३० सेकंदांची मुदत मात्र ३ वर आणा. तीन सेकंदांत कनेक्शन मिळत नसेल तर माणसाला ‘थोड्या वेळाने बघा’ एवढं लवकर सांगितलेलं बरं. टॉमकॅटचे थ्रेड ८०० वरून ६४ वर आणा. एवढे कमी कसे पुरतील अशी भीती वाटेल, पण हिशेब पुन्हा करा: ७५ गुणिले ०.०५ सेकंद धरले तरी एका वेळी चारच रिक्वेस्ट आत असतात.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणारं मोबाइल नेटवर्क अनेकदा कमजोर असतं, त्याचाही थ्रेडशी संबंध आहे. उत्तर मोठं आणि ग्राहकाची लाइन हळू असेल, तर टॉमकॅटचा थ्रेड ते लिहून होईपर्यंत अडकून राहतो. टॉमकॅटच्या पुढे एनजिनक्स हा हलका वेब सर्व्हर ठेवा. तो उत्तर पटकन स्वतःकडे घेतो, थ्रेड मोकळा करतो आणि मग ग्राहकाला सावकाश देत बसतो.

मुळात भावाचं पान थ्रेडपर्यंत यायलाच नको. बोर्ड भाव दिवसातून एकदा बदलतो, आणि तेच चार आकडे सेकंदाला ६० वेळा डेटाबेसमधून काढायचे? भाव टाकला की त्याची एक छोटी जेसन फाइल तयार करा आणि ती एनजिनक्सवरून किंवा सीडीएनवरून (ग्राहकाजवळच्या सर्व्हरवर प्रती ठेवणारी सेवा) ३० सेकंदांच्या कॅशने द्या. एनजिनक्सच्या कॅशला ‘कॅश लॉक’ आणि ‘यूज स्टेल अपडेटिंग’ दोन्ही चालू करा, नाहीतर मुदत संपल्या क्षणी पन्नास जण एकदम मागे धावतात. या एका बदलाने तुमच्या ५ पैकी ४ रिक्वेस्ट ॲपपर्यंत पोचणारच नाहीत. पूर्ण उत्तरातलं एकच काम करायला वेळ असेल तर ओटीपीचं करा, आणि दोन करता आली तर दुसरं हे.

आता बिलाकडे येऊ. क्लाउड तुमच्याकडून थ्रेडचे पैसे घेत नाही. तो व्हीसीपीयू, मेमरी आणि वेळ यांचे घेतो. भाड्याने घेतलेलं यंत्र भरलेलं चालतंय की रिकामं, एवढंच थ्रेड ठरवतात. थांबलेला थ्रेड सीपीयू खात नाही. मेमरी मात्र धरतो. ६४-बिट लिनक्सवर जावाच्या प्रत्येक थ्रेडसाठी १ एमबी स्टॅकची जागा राखली जाते. ती सगळी लगेच वापरात येत नाही, तरी ८०० थ्रेड खरंच रिक्वेस्ट हाताळत असतील तर प्रत्येकाचे बफर, वाचलेल्या ओळी, अर्धवट बनलेली उत्तरं हे सगळं हीपमध्ये (जावाच्या कामाच्या मेमरीत) एकाच वेळी उभं असतं. १६ जीबीत ते खपून जातं. लहान मशीनवर जायचं म्हटलं की हाच खर्च आडवा येतो आणि प्रोसेस मेमरीअभावी मारली जाते. थ्रेड कमी केल्याने खालच्या साइजवर जाता येतं, ती खरी बचत.

तुमच्या मशीनची एक गोष्ट नीट समजून घ्या. टी३ हे क्रेडिटवर चालणारं मशीन आहे. एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू एक मिनिट पूर्ण वेगाने. एक्स्ट्रालार्जला तासाला ९६ क्रेडिट मिळतात, म्हणजे प्रत्येक व्हीसीपीयू सरासरी ४० टक्के वापरण्याची मुभा. टी३ मुळातच ‘अनलिमिटेड’ पद्धतीवर सुरू होतं, त्यामुळे क्रेडिट संपले तरी वेग कमी होत नाही, वरच्या वापराचे पैसे लागतात: लिनक्सवर प्रत्येक व्हीसीपीयू-तासाला ०.०५ डॉलर. कोडमध्ये काही थ्रेड झोप न घेता सतत फिरत राहणारे लूप चालवत असतील, समजा चारही कोर दिवसभर शंभर टक्के, तर ४० टक्क्यांच्या वरचे २.४ व्हीसीपीयू गुणिले २४ तास गुणिले ०.०५, म्हणजे दिवसाला २.८८ डॉलर, महिन्याला सुमारे ८६ डॉलर भाड्याव्यतिरिक्त. न थांबता सतत रांग तपासणारे घरगुती थ्रेड हेच करतात. तिथे ब्लॉकिंग क्यू वापरा, म्हणजे काम येईपर्यंत थ्रेडला झोपवणारी रांग. आणि इंटेल किंवा एएमडीच्या टी३ कुळात एक व्हीसीपीयू म्हणजे अख्खा कोर नसतो, एका कोरमधला एक हायपरथ्रेड (कोरचा अर्धा वाटा) असतो. सीपीयूवर ताण देणारं काम ४ व्हीसीपीयूवर चार पट होईल ही अपेक्षा ठेवू नका. ॲमेझॉनच्या स्वतःच्या ग्रॅव्हिटॉन प्रोसेसरवर मात्र एक व्हीसीपीयू म्हणजे एक खरा कोर.

सीपीयूची गरजही मोजून टाका. प्रत्येक रिक्वेस्टला १० मिलिसेकंद सीपीयू लागत असेल तर ७५ रिक्वेस्टला पाऊण कोर. भावाचं पान बाहेर गेलं की आणखी कमी. म्हणजे दुरुस्तीनंतर तुम्ही ८ ऐवजी उलट २ व्हीसीपीयूच्या टी३ लार्जकडे बघू शकता. तिथे मेमरी ८ जीबी, तासाला ३६ क्रेडिट. आठ मिनिटांची गर्दी त्यात सहज बसते. पण लगेच उतरू नका. दोन आठवडे सध्याच्या मशीनवर मेमरी आणि क्रेडिटचा आलेख बघा, मग.

ऑटोस्केलिंग (गर्दी वाढली की आपोआप मशीन वाढवणं) लावायचा विचार असेल तर इशारा देतो. ते सहसा सीपीयूच्या टक्क्यावर लावतात. तुमच्या बिघाडात सीपीयू १२ टक्के होता, म्हणजे ते हललंच नसतं. रिक्वेस्टच्या संख्येवर लावलं तर नवीन मशीन उभी राहतील, पण प्रत्येक जण स्वतःचा १० चा पूल घेऊन येईल. पोस्टग्रेसची ठरलेली मर्यादा १०० कनेक्शनची. दहाव्या मशीनपर्यंत ती संपते आणि लॉगमध्ये ‘टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ येऊ लागतं. भाडं दहा मशीनचं आणि ॲप बंद.

कुबरनेटीसवर किंवा डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर या बंदिस्त डब्यात, सीपीयूची मर्यादा घालून ॲप चालवत असाल तर आणखी एक सापळा. मर्यादा १ सीपीयू असेल तर लिनक्स दर १०० मिलिसेकंदांत १०० मिलिसेकंद सीपीयू देतो. आठ थ्रेड एकदम कामाला लागले की तो वाटा साडेबारा मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद सगळे थ्रेड गोठतात. सरासरी आलेखात सीपीयू ४० टक्के दिसतो आणि पान मात्र अडखळतं. ही मर्यादा सांभाळणाऱ्या सीग्रुपच्या ‘सीपीयू डॉट स्टॅट’ फाइलमध्ये ‘एनआर थ्रॉटल्ड’ हा आकडा वाढत असेल तर तेच चाललंय. इलाज थ्रेड कमी करण्याचा किंवा मर्यादा वाढवण्याचा. गो भाषेचा रनटाइम १.२५ आवृत्तीच्या आधी कंटेनरची मर्यादा बघतच नव्हता, होस्टचे सगळे कोर धरून चालायचा. जावाला ही समज १० पासून आहे, आणि ८ च्या १९१ अपडेटमध्येही दिली गेली.

जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेड (जावा स्वतः सांभाळतं ते आभासी थ्रेड) लावू का, असंही पुढे विचाराल. स्प्रिंग बूट ३.२ पासून ती एका ओळीची सेटिंग आहे. ते थ्रेड खूप हलके असतात, वाट बघण्याची किंमत जवळजवळ शून्य होते. पण तुमच्या आजच्या कोडवर लावले तर ८०० थ्रेडचा प्रकार आणखी मोठा होईल: ७९० ऐवजी पाच हजार जण दहा कनेक्शनसाठी उभे. आधी दुरुस्ती, मग व्हर्च्युअल थ्रेड, आणि गेटवेच्या कॉलभोवती ४० परवान्यांचा सेमाफोर, म्हणजे एका वेळी ४० जणांनाच आत सोडणारा पहारेकरी. ‘सिंक्रोनाइज्ड’ ब्लॉकमध्ये (एका वेळी एकच थ्रेड जाऊ शकतो अशा कोडमध्ये) थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेड अडकवून ठेवायचा. ही अडचण जावा २४ मध्ये सुटली, तेव्हा जुन्या लायब्ररी असतील तर थेट २४ किंवा पुढची आवृत्ती घ्या.

ॲमेझॉनच्या लॅम्बडासारख्या, मशीन न घेता फक्त कोड चालवणाऱ्या सेवेवर हे ॲप हलवायचं असेल तर हिशेब उलटा फिरतो. तिथे नेहमीच्या पद्धतीत एका वेळी एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एकच रिक्वेस्ट आणि पैसे मिलिसेकंदावर, त्यामुळे गेटवेची २ सेकंदांची वाटही बिलात येते. मेमरी १,७६९ एमबी दिली की पूर्ण एक व्हीसीपीयू मिळतो; त्याच्या खाली सीपीयूच्या कामासाठी दोन थ्रेड केले तरी वेग वाढत नाही. गूगलच्या क्लाउड रनमध्ये एकाच इन्स्टन्सवर ठरलेल्या ८० रिक्वेस्ट एकत्र येऊ शकतात, म्हणून तिथे थ्रेडसुरक्षित (अनेक थ्रेडनी एकदम वापरला तरी न बिघडणारा) कोड थेट बिल कमी करतो. कोड थ्रेडसुरक्षित नसेल तर काय होतं? जावातला सिंपल डेट फॉरमॅट स्टॅटिक ठेवून सगळ्या थ्रेडना दिला की गर्दीत एखाद्याच्या कटाईची तारीखच चुकीची छापली जाते, आणि एरर कुठेच दिसत नाही. डेट टाइम फॉरमॅटर वापरा.

बदल केल्यावर चाचणी के६ या भार-चाचणीच्या साधनाने घ्या, वेगळ्या मशीनवरून. ठरावीक संख्येचे आभासी ग्राहक ठेवू नका. सर्व्हर हळू झाला की तेही हळू होतात आणि निकाल खोटा चांगला येतो. सेकंदाला ठरावीक रिक्वेस्ट सोडणारी पद्धत निवडा: ७५ वर दहा मिनिटं, मग १५०. खोट्या गेटवेला मुद्दाम २ सेकंद आणि नंतर १० सेकंद उशीर करायला लावा. सरासरी बघू नका, शंभरातल्या ९५व्या आणि ९९व्या रिक्वेस्टला किती वेळ लागला ते बघा. एका वेळी एकच सेटिंग बदला.

एवढं झाल्यावर १५० रिक्वेस्टला व्हीएमस्टॅटचा ‘आर’ सतत ४ च्या वर राहिला, सीपीयू ७० टक्क्यांपुढे गेला आणि थ्रेड डंपमधले थ्रेड वाट न बघता खरोखर चालताना दिसले, तर ८ व्हीसीपीयू जरूर घ्या. त्या दिवशी ते पैसे कामी येतील.